उपासना : एका दिवसाची की सर्व जीवनाची?

‘उपासना’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘जवळ बसणे’ असा आहे. भक्त आपल्या आराध्याच्या सन्निध बसतो, त्याचे चिंतन करतो, त्याची स्तुती करतो. परंतु जो बसतो त्याला केव्हातरी उठावेही लागते. उठल्यावर तो शेतावर जातो, बाजारात जातो, स्वयंपाकघरात किंवा कचेरीत जातो. तेथे गेल्यावर त्याची उपासना चालू राहते की संपते, हा प्रश्न प्रत्येक धर्मापुढे उभा राहिलेला आहे. ख्रिस्ती धर्माने त्याला कोणते उत्तर दिले आणि ते उत्तर आपल्या देशाच्या एका भागात आचरणात येताना त्याचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

ख्रिस्ती उपासना म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर रविवारची सकाळ उभी राहते : घंटेचा नाद, बाकांवर बसलेली माणसे, सामुदायिक गीते, पाळकाचे प्रवचन. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. पवित्र शास्त्राच्या जुन्या करारात उपासनेसाठी जो हिब्रू शब्द येतो तो ‘अवोदा’ होय. शेतातील श्रम, धन्याची चाकरी आणि मंदिरातील सेवा या तिन्हींसाठी हा एकच शब्द वापरला जातो. ग्रीक भाषेतील ‘लेइतुर्गिया’ या शब्दाची कथाही अशीच आहे. प्राचीन अथेन्समध्ये धनवान नागरिकांनी स्वखर्चाने केलेल्या लोकोपयोगी कामाला हे नाव होते. पुढे ख्रिस्ती मंडळीने तोच शब्द सामुदायिक उपासनेसाठी घेतला. श्रम, सेवा आणि पूजा यांची ही नाती भाषेनेच जपून ठेवली आहेत.

जुन्या करारातील आमोस हा संदेष्टा मेंढपाळ होता. गरिबांना तुडवून उत्सव करणाऱ्यांची गीते ईश्वराला ऐकवत नाहीत, असे त्याने आपल्या समाजाला सुनावले. नव्या करारात प्रेषित पौलाने रोम येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात, माणसाने आपले शरीरच जिवंत यज्ञाप्रमाणे अर्पण करावे आणि हीच खरी उपासना समजावी, असा उपदेश केला. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियम घालून दिले, त्यांत प्रार्थना आणि अंगमेहनत यांच्या वेळा एकमेकांत गुंफलेल्या होत्या. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने संसारी माणसाचा साधा व्यवसायदेखील ईश्वराने सोपविलेले कार्य आहे, असे प्रतिपादन केले. मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला आणि गोरा कुंभाराने चिखल तुडविताना नामस्मरण केले, ही आपल्या संतपरंपरेतील सर्वपरिचित उदाहरणे होत.

सर्व जीवन ही उपासना आहे, हे तत्त्व ग्रंथात वाचावयास सोपे आहे. ते एखाद्या गावात उतरते, तेव्हा मात्र काही अवघड प्रश्न उपस्थित होतात. सर्व जीवन म्हणजे काय काय? नांगर, विवाह, ताट, औषध आणि दफनभूमी हेही त्यात आले काय? आले असल्यास त्यांचे नियम कोणी ठरवावयाचे? या प्रश्नांचा अभ्यास करण्यास रायपूर आणि त्याच्या सभोवारचा छत्तीसगडचा प्रदेश अत्यंत उपयुक्त आहे.

सतनामाची भूमी

छत्तीसगडचा मराठी समाजाशी जुना संबंध आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, त्याची राजधानीही नागपूरच होती. रायपूर शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मैदानात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक मोठी धार्मिक चळवळ उदयास आली होती. तिचे प्रवर्तक गुरू घासीदास हे होत. गिरौदपुरी हे त्यांचे जन्मस्थान, आणि १८ डिसेंबर १७५६ ही त्यांची जन्मतिथी मानली जाते. ज्या समाजाला चामड्याच्या कामामुळे हीन लेखले जाई, परंतु ज्यातील बहुसंख्य लोक प्रत्यक्षात शेतकरी व शेतमजूर होते, त्या समाजात त्यांनी ‘सतनाम’ या एका निराकार सत्याचा उपदेश केला.

या पंथाचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यात मूर्ती नव्हती, ब्राह्मण पुरोहित नव्हता आणि जातिभेदाला मान्यता नव्हती. मांस, मद्य आणि तंबाखू वर्ज्य होती. गाईला नांगराला जुंपू नये, आणि दुपारनंतर नांगर धरू नये, असेही निर्बंध होते. म्हणजे सतनामी शेतकऱ्याचा धर्म त्याच्या ताटात आणि त्याच्या शेतात दिसत असे. दुपारी बैलाच्या मानेवरून जू उतरविणे हे त्याच्या दृष्टीने धर्माचरण होते.

मिशनरी या प्रदेशात आले, तेव्हा त्यांना धर्मविन्मुख किंवा केवळ मूर्तिपूजक समाज भेटला नाही. उपासना ही जीवनापासून निराळी काढता येत नाही, हे ज्यांना आधीच ठाऊक होते अशा लोकांची त्यांच्याशी गाठ पडली. पुढील इतिहास समजण्यासाठी ही गोष्ट विसरून चालणार नाही.

विश्रामपूर

ऑस्कर लोर हा जर्मन मिशनरी १८५७ च्या उठावापूर्वी रांचीकडील गॉसनर मिशनमध्ये होता. उठावानंतर तो अमेरिकेस गेला. तेथील जर्मन भाषिक ख्रिस्ती लोकांनी १८६५ मध्ये एक मिशनसंस्था स्थापन केली होती. तिच्या वतीने तो १८६८ मध्ये मुंबईस उतरला आणि तेथून मध्य प्रांतात आला. रायपूर येथे त्याला सतनामी समाजाची माहिती मिळाली. मूर्ती न मानणारा आणि एकाच सत्याची उपासना करणारा समाज ख्रिस्ती धर्म सहज स्वीकारील, अशी त्याची अपेक्षा होती. ती फार थोड्या प्रमाणात फलद्रूप झाली. सतनामी समाज मोठ्या संख्येने त्याच्यामागे आला नाही. जी थोडी कुटुंबे आली त्यांना आपल्या नातलगांच्या रोषास तोंड द्यावे लागले.

लोरने तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यात १५४४ एकर पडीक जमीन मिळवून एक गाव वसविले. त्याचे नाव ‘विश्रामपूर’ ठेवण्यात आले. स्थानिक उच्चारात ते ‘बिसरामपूर’ असे होते. गावात दगडी गिरजाघर उभे राहिले, शाळा निघाली, औषधोपचार सुरू झाले. लोरला वैद्यकाचे ज्ञान होते. मध्य प्रांतातील जमीनव्यवस्थेनुसार गावाचा धारा भरणाऱ्याला मालगुजार म्हणत. जमीन मिशनची असल्याने मिशनरी हाच या गावाचा मालगुजार झाला.

अशा गावात उपासना आणि जीवन यांचे ऐक्य साधणे स्वाभाविक होते. ज्या माणसाच्या प्रवचनाने रविवार सुरू होई, त्याच्याच परवानगीने सोमवारी जमीन कसावयास मिळे. मुलांची शाळा त्याची, दवाखाना त्याचा, तंट्याचा निवाडाही बहुधा त्याच्याच समोर. गावकरी त्याला ‘मायबाप’ म्हणत. या संबोधनात कृतज्ञता होती, तसेच परावलंबनही होते. जातीतून तुटलेल्या निराधार कुटुंबाला जमीन, घर आणि संरक्षण मिळाले, हे या गावाचे मोठे कार्य होय. १८९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत तर मिशनची अन्नछत्रे व अनाथालये अनेकांच्या जगण्याचा आधार ठरली.

नियमांची वही

विश्रामपूरच्या मंडळीसाठी १८९० मध्ये विशेष आज्ञांची एक संहिता तयार करण्यात आली. मंडळीला तेथे ‘कलीसिया’ म्हणत. हा शब्द मूळ ग्रीक असून उर्दूच्या वाटेने हिंदीत आला आहे. रविवारचे पावित्र्य, विवाह व वैवाहिक निष्ठा, जुन्या श्रद्धेतील चालीरीतींचा त्याग अशा बाबींकडे या नियमांचा रोख होता. त्यांमागील हेतू वाईट नव्हता. ख्रिस्ती माणसाचे सर्व जीवन ख्रिस्ती असावे, हाच तो हेतू होता. परंतु नियम करणारा जमिनीचाही धनी असला, म्हणजे नियमाचे वजन बदलते. मंडळीतून बहिष्कृत झालेल्या माणसाला केवळ प्रभुभोजनास मुकावे लागत नाही. आपल्या घराचे व शेताचे काय होईल याचीही त्याला धास्ती वाटते.

विवाहाचा प्रश्न या दृष्टीने बोलका आहे. छत्तीसगडच्या अनेक जातींत, सतनामी समाजातही, ‘चूडी’ नावाची रीत होती. पतीला सोडलेल्या किंवा विधवा झालेल्या स्त्रीला नव्या पुरुषाने बांगड्या दिल्या की तो संबंध समाजमान्य विवाह ठरत असे. पंचायत आधीच्या पतीच्या भरपाईचा निर्णय करी आणि दोन्ही घरे पुन्हा संसाराला लागत. मिशनरींच्या दृष्टीने पहिला पती हयात असताना झालेला असा संबंध म्हणजे व्यभिचार होता. गावकऱ्यांच्या दृष्टीने ती दुःखी संसारातून सुटण्याची सभ्य वाट होती. बाप्तिस्मा घेतल्यानंतरही ही रीत दीर्घकाळ टिकून राहिली. मिशनरींनी वारंवार शिक्षा केल्या, परंतु त्यांनी प्रश्न सुटला नाही. ज्या स्त्रीला जुनी वाट बंद झाली, तिला नवी वाट कोणती, याचे उत्तर नियमांत मिळत नव्हते.

रविवारच्या विश्रांतीचा प्रश्नही असाच विचार करण्यासारखा आहे. छत्तीसगडमध्ये भात पेरण्याची जुनी पद्धत अशी : बी फेकून पेरतात आणि सुमारे महिन्याने बांधात पुरेसे पाणी साचले की उभ्या पिकातच हलका नांगर फिरवितात. त्यामुळे तण उखडले जाते आणि रोपांची विरळणी होते. या कामाला ‘बियासी’ म्हणतात. ते पाण्यावर अवलंबून असते. पाऊस शनिवारी रात्री पडला आणि दोन दिवसांत पाणी ओसरले, तर हंगाम हातचा जातो. अशा शेतकऱ्याला रविवारी नांगर धरू नको असे सांगणे म्हणजे त्याच्या वर्षभराच्या अन्नाविषयी बोलणे होय.

येथे जुन्या करारातील शब्बाथाची आज्ञा नीट वाचली पाहिजे. सातव्या दिवशी विश्रांती घ्यावी असे सांगताना ती केवळ गृहस्थाचा उल्लेख करीत नाही. त्याचा दास, दासी, बैल, गाढव आणि त्याच्या दाराशी आलेला परका यांनाही विश्रांती मिळावी, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. इस्राएली लोक मिसर देशात स्वतः दास होते, याची आठवणही त्याच ठिकाणी करून दिली आहे. म्हणजे शब्बाथ हा मुळात श्रमणाऱ्यांच्या बाजूचा नियम आहे. आता सतनामी शेतकऱ्याचा निर्बंध आठवावा : दुपारनंतर नांगर धरू नये. एका नियमाने आठवड्याला सीमा घातली, दुसऱ्याने दिवसाला. परंतु दोन्ही नियमांत बैलाच्या मानेचा विचार आहे. ‘विश्राम’ हे ज्या गावाचे नाव, त्या गावात हे साम्य ओळखले गेले असते, तर नव्या धर्मातील विश्रांती गावकऱ्यांना आपल्याच जुन्या दयेचा विस्तार वाटली असती. शिस्तीचा भाग म्हणून आलेला नियम पाळला जातो किंवा चुकविला जातो. तो आपलासा क्वचितच होतो.

मालगुजारी पद्धती १९५१ मध्ये रद्द झाली आणि मिशनरी-मालगुजार हे नाते इतिहासजमा झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सहा मंडळ्यांच्या या एकीकरणानंतर विश्रामपूर परंपरेतील मंडळ्याही तिचाच भाग झाल्या. नेतृत्व पूर्णपणे भारतीयांच्या हाती आले. नियम कोणी करावयाचे, हा प्रश्न आता मंडळीनेच सोडवावयाचा होता.

सेवा हीच उपासना

रायपूरच्या परिसरात याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूनेही उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. १८९७ मध्ये बिलासपूरच्या वाटेवरील चांदखुरी येथे कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. डॅप्सोनचा वापर १९४० नंतरच्या दशकांत रूढ झाला आणि बहुऔषध उपचारपद्धती १९८० नंतर आली. तोपर्यंत रुग्णाला देण्यासारखे जे होते ते म्हणजे निवारा, स्वच्छ पट्टी, अन्न आणि स्पर्श. ज्याला गावाने वेशीबाहेर काढले, त्याच्या जखमा धुणे हे कृत्य कोणत्याही प्रवचनाहून अधिक बोलके होते. महाराष्ट्रातील वाचकाला या संदर्भात बाबा आमटे यांच्या आनंदवनाचे स्मरण होईल. १९४९ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या प्रयोगाने रुग्णांना दयेपेक्षा श्रमाची प्रतिष्ठा दिली.

रायपूरच्या दक्षिणेस धमतरी येथे १८९९ मध्ये अमेरिकेतील मेनोनाइट पंथाचे मिशनरी आले. दुष्काळपीडितांना मदत करणे हा त्यांच्या आगमनाचा निकटचा हेतू होता. त्यांनी अनाथ मुलांसाठी घरे व शाळा काढल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या वैद्यकीय कार्यातून तेथे रुग्णालय वाढीस लागले. मेनोनाइट पंथ सोळाव्या शतकातील युरोपात उदयास आला. शस्त्र धरावयाचे नाही, शपथ घ्यावयाची नाही आणि बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने घ्यावयाचा, ही त्याची वैशिष्ट्ये होत. यांतील शेवटचे तत्त्व आपल्या विषयाशी विशेष संबद्ध आहे. लहान मुलाच्या वतीने त्याचे आईबापही हा निर्णय घेऊ शकत नाहीत, असे जो पंथ मानतो, तो धर्मजीवनाचा उगम व्यक्तीच्या संमतीत शोधतो. अर्थात, अनाथालयात वाढलेल्या आणि मिशनखेरीज अन्य आधार नसलेल्या मुलाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्नही प्रामाणिक अभ्यासकाने टाळता कामा नये.

नेमका हाच प्रश्न स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक चर्चेत आला. मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा, दवाखाने व अनाथालये यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा समितीचा निष्कर्ष होता. ख्रिस्ती संस्थांनी तो एकांगी म्हणून नाकारला. १९६८ मध्ये मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य निर्माण झाल्यावर तेथेही तो पुढे चालू राहिला. या वादातील दोन्ही पक्षांची मते येथे तोलावयाची नाहीत. एवढेच नमूद करावयाचे की सेवा हीच उपासना मानणाऱ्याने आपल्या सेवेची परीक्षा एका साध्या कसोटीने करावी : सेवा घेणारा ‘नाही’ म्हणण्यास मोकळा आहे काय? तो मोकळा असेल तरच त्याच्या ‘होय’ला अर्थ आहे.

राजनांदगावच्या वाटेवर

ज्याच्यावर कोणाचीही मालगुजारी नव्हती, अशा एका माणसाची कथा याच प्रदेशातून सुरू होते. नारायण वामन टिळक हे १८६१ मध्ये जन्मलेले कवी आणि विद्वान. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वेने निघाले होते. राजनांदगाव हे रायपूरच्या पश्चिमेस असलेले तेव्हाचे एक लहान संस्थान. डब्यात त्यांची एका अपरिचित युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. काव्यावर व धर्मावर बोलणे झाले आणि त्या गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर टिळकांना ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला.

यानंतरचा इतिहास मराठी वाचकास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ मधून सुपरिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एकच धागा पाहू. पतीने धर्म बदलला म्हणून लक्ष्मीबाईंनी बदलला नाही. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे, आपले पाणी आणि आपली चूल प्रारंभी निराळी ठेवली. सोवळे हा त्यांच्या जीवनाचा नुसता एक कोपरा नव्हता. सकाळी अंघोळीपासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत सर्व दिवस त्याने व्यापलेला होता. जात ही माणसाने निर्माण केलेली आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हा बदल प्रथम पाण्याच्या भांड्यापाशी झाला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. पुढे अहमदनगरला प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. अनाथ मुलांना त्यांच्या घरी आसरा मिळाला. स्वयंपाकघरात झालेला बदल अशा रीतीने घराबाहेर पोहोचला. त्यात कोणी नियम वाचून दाखविला नव्हता.

टिळकांनी स्वतः उपासनेची भाषा बदलली. पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन दिले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत आणि ती आजही गायिली जातात. त्यापूर्वी जवळजवळ तीनशे वर्षे, १६१६ मध्ये, गोव्यात थॉमस स्टीफन्सचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले होते. म्हणून हा प्रयत्न सर्वस्वी नवा म्हणता येणार नाही. टिळकांचे वैशिष्ट्य निराळे आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. नोकरी, पगार आणि धर्म यांची गाठ सोडविल्याशिवाय उपासना मोकळी होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अल्पायुषी ठरला. पण विश्रामपूरच्या वहीला जे साधले नव्हते ते त्याने दाखवून दिले.

शेवटची भूमी

सर्व जीवन उपासनेत येते, तर मृत्यूही येतो. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडमध्ये सुमारे ४ लाख ९० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहून थोडे कमी. विश्रामपूरसारख्या गावात गिरजाघर, शेत आणि दफनभूमी एकाच शिवारात होती. परंतु जेथे एखाद-दुसरेच ख्रिस्ती कुटुंब असते, तेथे मृताला पुरावयाचे कोठे, हा प्रश्न तंट्याचे कारण बनतो. जानेवारी २०२५ मध्ये बस्तर जिल्ह्यातील एका पाळकाच्या दफनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या वडिलांना आपल्याच गावात मूठमाती द्यावी, अशी मुलाची इच्छा होती. गावातील इतरांचा विरोध होता. देह सुमारे तीन आठवडे शवागारात राहिला. २७ जानेवारी रोजी दोन न्यायमूर्तींनी परस्परभिन्न मते दिली. कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन व्हावे, असे एकाचे मत होते. नेमून दिलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच ते व्हावे, असे दुसऱ्याचे. अखेर विलंब टाळण्यासाठी २०-२५ किलोमीटरवरील करकापाल येथील दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश देण्यात आला.

या प्रसंगात एक विलक्षण उलटापालट दिसते. विश्रामपुरात मंडळी ही गावाच्या जमिनीची मालक होती आणि ती जमिनीच्या बळावर आचरण ठरवू शकत होती. बस्तरच्या गावात जमिनीवरचा शब्द दुसऱ्यांचा होता आणि त्याच्या बळावर एका कुटुंबाचा अखेरचा संस्कार ठरला. दोन्ही ठिकाणी पेच एकच आहे. एखाद्याने कसे जगावे व कसा निरोप घ्यावा, हे त्याच्याऐवजी जमिनीवर ज्याचा ताबा आहे तो ठरवितो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचेही असेच परिणाम होतात. हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच तो लागू असल्याने, ख्रिस्ती झालेल्या सतनामी कुटुंबाला त्या सवलती मिळत नाहीत. गावातील वागणूक मात्र दाखला पाहून बदलत नाही.

निष्कर्ष

आतापर्यंतच्या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, उपासना ही सर्व जीवनाला व्यापणारी आहे, ही कल्पना ख्रिस्ती धर्माच्या गाभ्याशी आहे. परंतु ती केवळ ख्रिस्ती धर्माचीच नव्हे. छत्तीसगडच्या मातीत ती सतनामी शेतकऱ्याच्या नांगरापाशी आधीच वसत होती. दुसरी, ही कल्पना जेव्हा सेवेच्या रूपाने आली, तेव्हा तिने उपेक्षितांना घर, औषध आणि मान दिला. हे ऋण मान्य करावयास हवे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की सर्व जीवन अर्पण करण्याची मागणी माणूस स्वतःपाशीच करू शकतो. तीच मागणी मालगुजाराने कुळाकडे, संस्थेने आश्रिताकडे किंवा बहुसंख्य गावाने एकट्या घराकडे केली, म्हणजे उपासनेचे रूपांतर हुकमात होते.

यावरून मंडळीने कोणतेच नियम करू नयेत, असे कोणी समजू नये. सामुदायिक जीवनाला शिस्त लागतेच. बेनेडिक्टच्या मठालाही ती लागली. परंतु त्या मठात माणूस आपण होऊन प्रवेश करीत असे, आणि कायमचे व्रत घेण्यापूर्वी त्याला विचार करण्यासाठी सुमारे वर्षभराचा अवधी मिळे. त्या काळात नियम त्याला पुनःपुन्हा वाचून दाखविले जात, आणि निघून जाण्यासाठी दार उघडे असे. ज्या शिस्तीत असे दार उघडे राहते, तीच शिस्त उपासनेला पोषक ठरते.

गिरजाघरातील उपासना संपली की पाळक आशीर्वाद देतो आणि लोक बाहेर पडतात. ख्रिस्ती परंपरेत हा निरोपही उपासनेचाच भाग समजला जातो. बाहेर शेत असते, बाजार असतो, चूल असते. तेथे बैलाला दुपारी सावली मिळते काय, मजुराला दाम वेळेवर मिळतो काय, परक्याच्या हातचे पाणी घेतले जाते काय, आणि शेजारच्या घरातील मृताला त्याच्या माणसांच्या इच्छेप्रमाणे माती मिळते काय, या गोष्टींवरून त्या सकाळच्या उपासनेचे मोल ठरते.